मुद्दल आणि व्याज : साबणाच्या धंद्याचा एक हिशेब

श्रोतेहो, गावातल्या कोणत्याही किराणा दुकानात जा. मीठ, काडेपेटी, चहा यांच्या शेजारी साबणाच्या वड्या रचून ठेवलेल्या दिसतील. ही वडी कशाची होते? तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा, हे तिचे मुख्य घटक. सोडा कारखान्यात तयार करता येतो. पण तेल काही यंत्रातून निर्माण होत नाही. ते झाडाच्या फळातून, शेतातल्या बीमधून, नाहीतर जनावराच्या अंगातूनच यावे लागते. म्हणजे साबणाचा कारखानदार कितीही शहरी असला, तरी त्याचा धंदा शेवटी माती, पाणी, रान आणि तिथे राबणारी माणसे यांच्यावरच उभा असतो.

आता प्रश्न असा, की जो कारखानदार या माती-पाण्याची आणि माणसांची काळजी घेतो, त्याचा नफा घटतो की वाढतो? याला दोन ठरावीक उत्तरे आहेत. एक पक्ष म्हणतो, 'हा दानधर्म झाला, धंद्यात त्याला जागा नाही.' दुसरा पक्ष म्हणतो, 'चांगले वागा, नफा आपोआप मागून येतो.' इतिहासाच्या अभ्यासात ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटत आली आहेत. आज आपण एकाच कंपनीची सव्वाशे वर्षांहून मोठी हकिगत पाहू, आणि मग उत्तर शोधू.

विल्यम लिव्हर हा इंग्लंडमधल्या बोल्टन गावच्या एका किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. त्या काळी साबण लांब ठोकळ्यांच्या रूपात येई आणि दुकानदार गिऱ्हाइकाला हवा तेवढा तुकडा कापून देई. साबण कोणाचा, कसा, याची गिऱ्हाइकाला काही खात्री नसे. लिव्हरने कागदात गुंडाळलेली, नाव छापलेली वडी विकायची ठरवले. १८८४ साली 'सनलाइट' हे नाव त्याने नोंदवून घेतले. चार वर्षांत, १८८८ साली, मर्सी नदीकाठच्या दलदलीच्या जागेवर त्याने नवा कारखाना आणि कामगारांसाठी एक गावच वसवायला घेतले. गावाला नावही साबणाचेच दिले, पोर्ट सनलाइट. त्याच वर्षी कलकत्त्याच्या बंदरात सनलाइटच्या पेट्या उतरल्या होत्या, अशी नोंद आहे.

पोर्ट सनलाइटमध्ये बागा होत्या, शाळा होती, दवाखाना होता. पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे सुमारे ८०० घरे उभी राहिली. इंग्लंडमधल्या इतर गिरणगावांतल्या कोंदट चाळींशी तुलना केली, तर हा स्वर्गच. पण लिव्हर याला दान म्हणत नसे. नफ्यातला वाटा रोख हातावर ठेवण्याऐवजी आपण तो घरांच्या आणि सोयींच्या रूपाने देतो, असे तो सांगे. कामगार टिकून राहिला, निरोगी राहिला, की माल चांगला निघतो, हे त्याने ओळखले होते. अर्थात या सोन्याच्या पिंजऱ्याला दारही होते. घर कंपनीचे, त्यामुळे नोकरी सुटली की घरही सुटले! तरीपण धंदा वाढत गेला, एवढे खरे. इथवर पाहिले तर 'चांगले वागा, नफा येईल' हेच उत्तर बरोबर वाटते.

पण बरं का, दिव्याखाली अंधार असतो. साबण वाढला, तसे तेल जास्त लागू लागले. १९११ साली लिव्हरने बेल्जियमच्या सरकारशी करार करून आफ्रिकेतल्या काँगोमध्ये तेलताडाच्या जंगलांचा मोठा हक्क मिळवला. तिथेही शाळा-दवाखाने बांधण्याची कलमे करारात होती. प्रत्यक्षात तिथे मजूर कसे मिळवले गेले? सरकारने कर बसवायचा, आणि तो भरण्यासाठी माणसाला ताडावर चढून फळांचे घड तोडायला भाग पाडायचे. सक्ती, धाक, फटके हे सर्व त्यात आले. जागतिक मंदीत फळांचा भाव पाडला गेला, कर मात्र कमी झाला नाही, आणि १९३१ साली तिथल्या पेंडे लोकांनी बंड केले. ते बंदुकीने मोडण्यात आले आणि शेकडो माणसे मेली. पोर्ट सनलाइटच्या बागा आणि काँगोतली ही सक्ती, दोन्ही एकाच धंद्याच्या वहीत होती. फरक एवढाच, की बागा जमाखर्चात दिसत होत्या आणि पेंडे लोकांचे हाल कोणत्याच रकान्यात लिहिले जात नव्हते.

आता गोष्टीचा दुसरा भाग. यात देवमासा येतो. साबणाचा आणि देवमाशाचा काय संबंध, असे मुले वर्गात विचारतील. देवमाशाच्या चरबीपासून तेल निघते. ते पातळ आणि उग्र वासाचे, म्हणून पूर्वी चांगल्या साबणाला किंवा खाण्याला फारसे उपयोगी नव्हते. १९०२ साली व्हिल्हेल्म नोर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९३७ साली बाजारात आलेला डालडा हे याच युक्तीचे फळ. या युक्तीने देवमाशाचे तेल साबणाला चालू लागले, आणि युरोपात लोण्याऐवजी पावाला लावतात त्या मार्गारिनलाही चालू लागले. लिव्हरने १९१९ साली देवमासे मारणारी एक कंपनीच विकत घेतली. पुढे लिव्हरची कंपनी आणि हॉलंडमधली मार्गारिनची मोठी कंपनी एकत्र आल्या आणि १९३० च्या आरंभी 'युनिलिव्हर' जन्माला आली. देवमाशाच्या तेलाची ही जगातली फार मोठी गिऱ्हाईक ठरली.

शिकार चाले ती दक्षिण ध्रुवाजवळच्या थंड समुद्रात. १९२५ पासून अशी जहाजे निघाली, की मारलेला देवमासा मागच्या उतारावरून थेट जहाजावर ओढून घ्यायचा आणि तिथेच त्याचे तेल काढायचे. मग काय, किनाऱ्यावर यायचे कारणच उरले नाही! १९३०-३१ या एका हंगामात २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. निळा देवमासा म्हणजे पृथ्वीवर झालेला सर्वांत मोठा प्राणी. मादी दोन-तीन वर्षांतून एकदा एका पिलाला जन्म देते. एवढ्या वेगाने मारल्यावर तो पुरेल कसा?

त्या हंगामात तेल इतके झाले, की भाव कोसळला. पुढच्या वर्षी नॉर्वेची बहुतेक जहाजे घरीच बांधून ठेवावी लागली. शहाणपण येण्याची ही वेळ होती. पण समुद्र कोणाच्या मालकीचा? गावच्या सामायिक विहिरीवर प्रत्येकाने इंजिन बसवावे, तशी ही स्थिती होती. मी उपसा थांबवला, तर शेजारी थांबेल याची हमी काय?

१९४६ साली वॉशिंग्टनला करार झाला आणि राष्ट्रांनी देवमाशांच्या शिकारीवर मर्यादा घातली. पण मर्यादा मोजायची कशी, तर तेलाच्या मापाने! एक निळा देवमासा म्हणजे एक एकक. त्याच्या जागी दोन फिन देवमासे, किंवा अडीच कुबडे, किंवा सहा सेई जातीचे. सर्वांनी मिळून १६ हजार एकके मारायची, आणि ती संपली की हंगाम बंद. याचा परिणाम असा झाला, की हंगाम सुरू होताच जो तो धावत सुटे. जो आधी मारील त्याचे तेल. एकेक जात दुर्मिळ झाली, की जहाजे दुसऱ्या जातीकडे वळत. हे केवळ खाजगी भांडवलदारांनीच केले असेही नाही. सोव्हिएत रशियाच्या सरकारी जहाजांनी करार मोडून हजारो देवमासे चोरून मारले होते, हे १९९० नंतर उघडकीस आले. हाव ही काही एका पद्धतीची मक्तेदारी नव्हे.

शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, की शिकारीपूर्वी दक्षिणेच्या समुद्रात सुमारे २ लाख ३९ हजार निळे देवमासे होते. १९७३ च्या सुमारास ते ३६० च्या आसपास उरले. १९६० च्या दशकात ब्रिटन, हॉलंड, नॉर्वे यांचे तिथले धंदे एकामागून एक बंद पडले. साबण आणि मार्गारिनवाले मात्र बुडाले नाहीत. ते पामतेलाकडे, सोयाबीनकडे वळले. नुकसान झाले ते देवमाशांचे, आणि हारपून मारण्यापलीकडे दुसरा धंदा ठाऊक नसलेल्या बंदरांतल्या खलाशांचे.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. समजा, सारा समुद्र एकाच मालकाचा असता, तर त्याने देवमासे जपले असते का? आपण पटकन 'हो' म्हणू. सोन्याचे अंडे देणारी कोंबडी कोण मारील? पण कॉलिन क्लार्क नावाच्या कॅनेडियन गणितज्ञाने १९७३ साली हिशेब मांडून दाखवला, की हे नेहमीच खरे नसते. त्याचा मुद्दा आपल्या भाषेत सांगतो. समजा, देवमाशांची संख्या दरसाल शेकडा पाचने वाढते. म्हणजे शंभरांतून पाच मारले तर कळप कायम राहतो. कळप हे मुद्दल, पाच हे व्याज. आता बँक जर शेकडा दहा व्याज देत असेल, तर केवळ पैशाकडे पाहणारा मालक काय करील? तो सर्व देवमासे आजच मारील, तेल विकील, पैसे बँकेत टाकील आणि घरबसल्या दुप्पट व्याज खाईल. कोंबडी मारणे त्याला परवडते!

हे ऐकायला कडू आहे, पण खोटे नाही. म्हणून 'जपाल तर नफा होईलच' असे मी तुम्हाला सांगणार नाही. जपण्यात नफा आहे की नाही, हे धंदेवाल्याला किती वर्षांपुरते पाहायचे आहे यावर ठरते. ज्याला पुढच्या वर्षी दुसरीकडे जाता येते, तो बियाणे दळून खायला कचरत नाही. ज्याला त्याच शिवारात पुन्हा पेरायचे आहे, तो उपाशी राहील, पण बियाण्याला हात लावणार नाही.

आता आपण आपल्या देशात येऊ. लिव्हरचा भारतातला साबणाचा कारखाना १९३४ साली मुंबईत शिवडीला सुरू झाला. १९५६ साली इथल्या तीन कंपन्या एकत्र येऊन 'हिंदुस्थान लिव्हर' बनली. तिने १९६४ साली उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात दुधाचा कारखाना काढला. यंत्रे उत्तम होती, पण दूध पुरेसे येईना. कारखाना अर्धवट चाले आणि तोटा होई. साधा व्यापारी हिशेब असा, की कारखाना विकून मोकळे व्हावे. त्या वेळी टी. थॉमस हे कंपनीचे अध्यक्ष होते. दूध का येत नाही, याची चौकशी झाली. गाई-म्हशी कमी दूध देत होत्या, कारण चारा नव्हता. चारा नव्हता, कारण बरीचशी जमीन ऊसर, म्हणजे आपल्याकडच्या खारवट-चोपण जमिनीसारखी होती. जनावरांच्या दवादारूची सोय नव्हती, आणि सुधारणेसाठी कर्ज द्यायला बँक तयार नव्हती. रोग कारखान्यात नव्हताच, तो गावात होता.

१९७६ साली कंपनीने आपली माणसे सहा गावांत पाठवली. नव्याने भरती झालेल्या तरुण अधिकाऱ्यांना तिथे शेतकऱ्यांच्या घरी राहायला लावले. शहरात वाढलेली ही मुले शेण-गोठा पाहून प्रथम बिचकली असतील. पण गिऱ्हाईक कोण आणि दूध कुठून येते, हे त्यांना पुस्तकाबाहेर कळले. जमिनीत जिप्सम घालून ती सुधारली, जनावरांचे आजार पाहिले, बँकांची गाठ घालून दिली. जमीन सुधारली, चारा झाला, दूध वाढले. आणि कारखाना तोट्यातून नफ्यात आला. पुढे हे काम पुष्कळ गावांत पसरले.

ही गोष्ट आणि देवमाशाची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून पाहा. एट्याचा कारखाना उचलून दुसऱ्या समुद्रात नेता येत नव्हता. दूध त्याच गावांतून यायचे होते. म्हणून मुद्दल जपणे कंपनीला भाग पडले आणि त्यातच नफाही निघाला. चांगुलपणा नव्हता असे मी म्हणत नाही. पण चांगुलपणाला इथे गरजेची जोड मिळाली होती, आणि ती फार भक्कम असते.

पण थांबा. त्याच कंपनीची तामिळनाडूतली गोष्ट सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होणार नाही. कोडाईकनालच्या डोंगरावर थर्मामीटर बनवण्याचा कारखाना १९८० च्या दशकात उभा राहिला. तो दुसऱ्या कंपनीने अमेरिकेतून हलवून आणला होता, आणि पुढे हिंदुस्थान लिव्हरकडे आला. थर्मामीटरमध्ये पारा असतो आणि पारा विषारी. २००१ साली पारा लागलेल्या काचांचा भंगार गावात सापडला, लोक संतापले आणि कारखाना बंद झाला. कामगारांच्या प्रकृतीवर पाऱ्याचा परिणाम झाला, हे कंपनीने मानले नाही. वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला आणि २०१६ साली ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली. पाऱ्याने दूषित माती साफ करण्याचे काम त्यानंतरही उरलेच होते. भंगार नीट विल्हेवाटीला लावण्याचा जो खर्च सुरुवातीला वाचला, तो पंधरा वर्षांनी व्याजासकट दारात उभा राहिला. दरम्यान कामगारांनी जे भोगले, ते कोणत्या वहीत मांडणार?

अगदी अलीकडचे सांगतो. १९९२ साली कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरची कॉड मासेमारी बंद करावी लागली, कारण मासाच उरला नाही. हजारो कोळी बेकार झाले. युनिलिव्हर त्या वेळी गोठवलेल्या माशांची मोठी विक्रेती होती. समुद्र रिकामा झाला तर विकणार काय, हे तिला या वेळी मात्र वेळेवर उमगले. १९९७ साली तिने जागतिक वन्यजीव निधीच्या सोबतीने समुद्र राखून केलेल्या मासेमारीला प्रमाणपत्र देणारी संस्था उभी केली. २०१० साली पॉल पोलमन या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी दहा वर्षांची योजना जाहीर केली, की धंदा वाढवायचा, पण पाणी, कचरा, धूर यांचा बोजा कमी करायचा. दर तीन महिन्यांनी नफ्याचे तपशीलवार आकडे सांगण्याची रीतही त्यांनी त्याआधीच सोडली होती. कारण तीन महिन्यांत झाड वाढत नाही. कंपनीच्याच सांगण्यानुसार २०१८ साली तिचा या धोरणात बसणारा माल इतर मालापेक्षा ६९ टक्के अधिक वेगाने वाढला. हा आकडा तिने स्वतः मोजलेला आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मग २०१७ साली काय झाले? क्राफ्ट हाइन्झ या काटकसरीसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन कंपनीने सुमारे १४३ अब्ज डॉलरला युनिलिव्हर विकत घेण्याचा प्रस्ताव टाकला. तो दोन दिवसांत मागे घेतला गेला. पण भागधारक जागे झाले. नफ्याचे प्रमाण २० टक्क्यांवर नेऊ, असे युनिलिव्हरला कबूल करावे लागले. देवमाशाच्या तेलावर वाढलेला मार्गारिनचा धंदा त्याच वर्षी विकायला काढला. आणि २०२४ साली तर प्लास्टिक कमी करण्याची आपली जुनी प्रतिज्ञाच तिने सैल केली. नव्या प्लास्टिकचा वापर २०२५ पर्यंत निम्मा करायचा होता. त्याऐवजी २०२६ पर्यंत ३० टक्के कमी करू, असे ठरले. म्हणजे मालकाची घाई वाढली, की जपणुकीची मुदत लांबते. क्लार्कचे गणित असे पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर काय? सव्वाशे वर्षांच्या या हकिगतीतून मला दोन प्रश्न हाती लागतात, आणि उत्तरापेक्षा ते अधिक उपयोगी आहेत. नफ्याचा आकडा समोर आला, की पहिले विचारावे, हा हिशेब किती वर्षांचा? आणि दुसरे विचारावे, यातला कोणाचा तोटा दुसऱ्याच्या वहीत ढकलला आहे? जिथे हिशेब लांबचा असतो आणि तोटा ढकलायला दुसरी वहीच नसते, तिथे जपणूक आणि नफा हातात हात घालून चालतात, जसे एट्याला चालले. जिथे दुसरीकडे पळता येते, किंवा सोसणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, तिथे कायदा, करार आणि लोकमत यांनीच ती दुसरी वही बंद करावी लागते. देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर १९८२ साली बंदीचा ठराव झाला आणि १९८६ च्या सुमारास तो अंमलात आला. निळ्या देवमाशाच्या शिकारीवर तर १९६० च्या दशकातच बंदी आली होती, आणि तो आता हळूहळू वाढू लागला आहे. हे काम बाजाराने नव्हे, ठरावांनी केले.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे दोन प्रश्न वर्गात जरूर घ्यावेत. साबणाचे एक रिकामे वेष्टन फळ्याला लावावे आणि मुलांना विचारावे, या वडीतले तेल कोणत्या रानातून आले असेल, आणि तिथल्या माणसाला काय मिळाले असेल? आणि शेतकरी बंधूंनो, तुमचे दूध, तुमचे टोमॅटो, तुमचे सोयाबीन घ्यायला उद्या एखादी कंपनी गावात आली, तर भाव विचाराच. पण त्याबरोबर हेही विचारा, की तुम्ही इथे किती वर्षे राहणार आहात? भावाचा आकडा कोणीही सांगेल. या दुसऱ्या प्रश्नाला तो माणूस काय उत्तर देतो, आणि ते करारात लिहून देतो की नाही, यावर तुमच्या जमिनीचे मुद्दल शाबूत राहणार की नाही, हे पुष्कळसे ठरेल.